शेजारच्या सीटचा ब्रेक

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही काही करू नका, नुसतं बसा." आता मला सांगा, नुसतं बसणं हे काय काम झालं? आणि बसायचं कुठे, तर त्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, जिचा एक पाय आखूड आहे, जरा हललं की टक्, पुन्हा हललं की टक्, आणि अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघणार. शेजारी बायको आरामखुर्चीत आडवी, तिच्या हातात सुई, वर टांगलेली पिशवी, पिशवीतून थेंब, थेंब, थेंब... मी त्या थेंबांकडे बघतो तर सिस्टर म्हणतात, "थेंबांकडे बघू नका, वेळ जात नाही." बायकोकडे बघतो तर बायको म्हणते, "अहो, माझ्याकडे असं बघू नका." मग मी बघू कुठे? भिंतीवर एक चित्र आहे, डोंगर आणि होडी. किती वेळ होडी बघणार माणूस?

तुम्हाला सांगतो, शेजारी बसणं मला काही नवीन नाही. माझा धंदाच शेजारी बसण्याचा. ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं, गावात सगळे मला मास्तर म्हणतात, निम्म्या गावाच्या शेजारी बसून झालंय माझं. पण त्या बसण्यात आणि ह्या बसण्यात फरक आहे. तिथे माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो. शिकणारा स्टिअरिंग असं धरतो की ते आता पळूनच जाणार आहे, समोरून बस येते, तो डोळे मिटतो... हो, मिटतात, डोळे मिटणारे लोक आहेत... आणि मी शांतपणे म्हणतो, "काही होत नाही." आणि खरंच काही होत नाही. का? कारण म्हणता म्हणता मी माझा ब्रेक दाबलेला असतो. गाडी थांबते, त्याला वाटतं आपणच थांबवली, घरी जाऊन सांगतो, आज बससमोर काय थांबवली म्हणता गाडी. थांबवली मी. पण आपण बोलत नाही. ब्रेक आपला आणि कौतुक त्याचं, ही आमच्या धंद्यातली रीत आहे.

तर ते "काही होत नाही" माझ्या तोंडात इतकं बसलंय की विचारू नका. गाडी बंद पडली, काही होत नाही. मागचा हॉर्न बडवतोय, काही होत नाही. चाक फुटपाथवर चढलं आणि भाजीवाला टोपलीसकट उडी मारून बाजूला झाला, तरी मी खिडकीतून त्यालाच सांगतो, काही होत नाही. सध्या माझ्याकडे एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात, भला माणूस, पण क्लच सोडताना असे सोडतात की माझीच कवळी निघायची. ते एकदा मला म्हणाले, "मास्तर, हे वाक्य माझं आहे. मीही पेशंटला म्हणतो, काही होत नाही." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाले, "मग तो माझं बोट चावतो." मी खो खो हसलो. तेव्हा हसलो हो.

आता ह्यातली गंमत ऐका. निम्म्या गावाला मी गाडी शिकवली आणि माझी स्वतःची बायको गाडी शिकली ती चौकापलीकडच्या दुसऱ्या स्कूलमध्ये. मला न सांगता. मैत्रिणीकडे शिवणकामाला जाते म्हणून जायची, आणि मला बापड्याला प्रश्न पडायचा की इतक्या दिवसांत हिनं साधा रुमालही कसा शिवला नाही. एक दिवस लायसन्स घरी आलं. मी म्हटलं, "हे काय? घरात मास्तर असताना?" तर काय म्हणाली माहितीये? अगदी शांतपणे भांडी पुसत म्हणाली, "तुमच्याकडे शिकले असते तर मला कधी कळलंच नसतं, गाडी मी थांबवली का तुम्ही." नंतर दोन-चारदा तिनं आमची गाडी चालवली, मी शेजारी, आणि पाय काय माझ्या हातात आहे? समोर कुत्रं दिसलं, दाबला. कुत्रं नुसतं विचार करताना दिसलं, तरी दाबला. तिनं किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि घरी चालत गेली. तेव्हापासून लायसन्स कपाटात. बरं चाललं होतं आमचं.

आणि मग ती गाठ निघाली. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं, म्हणाले, कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय, केमो द्यावी लागेल, सहा वेळा, दर तीन आठवड्यांनी, अर्धवट सोडून चालणार नाही, पूर्ण घेतली तर चांगलं होईल. ते आणखी बरंच बोलले. पण मी टेबलाखाली पाय दाबून बसलो होतो. तुम्हाला हसू येईल, पण खरं सांगतो, उजवा पाय जमिनीवर इतका दाबला होता की उठताना पोटरीत गोळा आला. ही माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं मला. मी काय बोलणार? म्हटलं, "काही होत नाही."

पहिल्या केमोला असेच गेलो. गाडीत बसली, बेल्ट लावला, मी गियर टाकला आणि म्हटलं, काही होत नाही. तिथे सिस्टर सुई घेऊन आल्या, मी म्हटलं, काही होत नाही. सुई लागली हिला आणि डोळे मिटले मी, त्या डोळे मिटणाऱ्या लोकांसारखे. आणि मग पुढचे दिवस... काय सांगू तुम्हाला. उलट्या. चहा नको, भात नको, पाणी प्यायली तर पाण्याची उलटी. तोंडात फोड, जिभेला कशाचीच चव नाही, म्हणायची, टोस्ट खाल्ला काय आणि पुठ्ठा खाल्ला काय, सारखंच. केस उशीवर. ही केस गोळा करून कागदात गुंडाळायची आणि मला म्हणायची, तुम्ही जरा बाहेर जा. मी बाहेर जायचो, आत यायचो, पंखा लावायचो, बंद करायचो, उशी इकडची तिकडे करायचो, आणि दर वेळी तेच. काही होत नाही. अहो, सगळं होत होतं, माझ्या डोळ्यांदेखत होत होतं, आणि मी उभा राहून म्हणतोय काही होत नाही.

दुसऱ्या केमोच्या दिवशी ती आत असताना सिस्टर म्हणाल्या, तुम्ही जरा मोकळ्या हवेत फिरून या, तुमची खुर्ची फार वाजते. मी खाली येऊन गाडीत बसलो. नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर. गाडी उभी, इंजिन बंद, हॅण्डब्रेक वर. आणि मी माझा ब्रेक दाबला. होता नव्हता तो सगळा जोर लावून दाबला आणि दाबूनच धरला. उभी गाडी आणखी किती थांबणार? पण पाय उचलवेना. कारण माझं जे थांबायला हवं होतं ते वर चौथ्या मजल्यावर थेंब थेंब चाललं होतं, आणि तिथे माझ्या पायाखाली काही नव्हतं, नुसती फरशी होती. पार्किंगवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "मास्तर, मागचे लाल दिवे कधीचे चालू आहेत, बॅटरी उतरेल." मी म्हटलं, काही होत नाही. परत निघताना गाडी चालू झाली नाही. पार्किंगवाल्यानं धक्का मारला.

त्याच्यानंतर नवीनच सुरू झालं. मध्ये दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासायला जायचं असतं, औषध नाही, सुई म्हणाल तर एवढीशी. पण आम्ही घरातून निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि हिला भडभडून उलटी. औषधाच्या आधीच. मी म्हटलं, हा कुठला साइड इफेक्ट, गोष्ट घडायच्या आधीचा? पण म्हटलं, थांब, उलटी गाडीत होते ना, मग हे आपलं खातं. गाडीतली मळमळ मला शिकवायची नाही कुणी. आधी मी ते लिंबाच्या वासाचं लटकन काढून फेकलं. पुढच्या खेपेला बेल्ट लावला, गियर टाकला, काही होत नाही म्हटलं, आणि कोपऱ्यावर उलटी. म्हटलं, वास नाही, मग कोपरा असणार. रस्ता बदलला. शाळेच्या मागून, तळ्याच्या कडेनं, लांबचा वळसा. बेल्ट, गियर, काही होत नाही... शाळेच्या भिंतीशी उलटी. मग खिडक्या उघड्या ठेवून गेलो. मग बंद ठेवून गेलो. मेहुण्याची गाडी मागून आणली, ती त्याला धुऊन परत द्यावी लागली. एकदा तर इतकी हळू चालवली की एक आजोबा काठी टेकत आमच्या पुढे गेले, आणि वळून वळून बघत गेले. आणि दर वेळी निघताना मी काय म्हणत होतो, ते तुमच्या लक्षात आलंय. माझ्या नव्हतं आलं.

आणि तिसरी केमो चार दिवसांवर आली तेव्हा ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि म्हणाली, "अहो, मी आता जाणार नाही." मी म्हटलं, "बरं, उद्या बोलू." म्हणाली, "उद्या नाही आणि परवा नाही. औषधाचं मी सोसेन. पण हे जायचं आहे ना, जायच्या नुसत्या विचारानं पोटात कालवतं, झोपेत कालवतं. मला नाही जमत. राहू दे." तिनं हे रडत म्हटलं असतं तर मी समजूत घातली असती. ती अशी म्हणाली, दूध नको आज, राहू दे, म्हणतात तशी. मी तोंड उघडलं, तर तेच वाक्य बाहेर येऊ लागलं, आणि तिनं हात वर केला. म्हणाली, "एक शब्द बोलू नका." आणि मोरीत जाऊन उलटी केली.

मी एकटा डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, ती येत नाही म्हणते. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "गाठ निम्मी झालीय, औषध लागू पडतंय. आता सोडलं तर ती पुन्हा वाढणार, आणि मग माझ्या हातात फार काही राहणार नाही." एवढं सरळ बोलले. मग म्हणाले, "आधार कक्षात दाखवलंत का?" आता हे आधार कक्ष म्हणजे काय, तर तळमजल्यावर एक खोली, तिथे आजारावर इलाज करत नाहीत, इलाजाच्या त्रासावर इलाज करतात. म्हणजे इलाजावर इलाज. पाटी मी दर खेपेला बघत होतो, मला वाटलं नातेवाइकांना चहाबिहा देत असतील. पहिल्या दिवशीच सिस्टर म्हणाल्या होत्या, जाऊन या. तेव्हा मी काय म्हटलं असेन? बरोबर.

हिला कसं नेलं ते माझं मला माहीत. मेहुणी आणि मी, दोघांनी हातापाया पडून, रिक्षानं, मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मला बोलायला बंदी. आणि उलटी झाली नाही. मी म्हटलं, रिक्षा मानवली. हिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

तर त्या आधार कक्षात एक बाई. शांत, पांढरा कोट नाही की काही नाही, साधी बाई. त्यांनी आधी हिला सगळं विचारलं, आणि एकेक सांगत गेल्या. औषध चढताना बर्फाचे तुकडे चघळा, फोड कमी येतात. एकदम जेवू नका, थोडं थोडं, गार झालेलं खा, गरम अन्नाचा वास नको होतो. उलटीची गोळी बदलून घेऊ डॉक्टरांकडून, उलटी झाल्यावर घ्यायची नाही, आधी घ्यायची. मी मनात म्हटलं, बघा, ब्रेकचंही हेच आहे, मी लोकांना बोंबलून सांगतो, खड्डा आल्यावर नाही, आधी दाबा. मग त्या म्हणाल्या, "आता दोघांनी डोळे मिटा. श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा. खांदे सैल. हात सैल. पाय सैल सोडा." ही दोन मिनिटांत अशी शांत झाली की मला वाटलं झोपली. आणि माझ्याजवळ येऊन बाई हळू आवाजात, "मास्तर, उजवा पाय." मी म्हटलं, "सैलच आहे." म्हणाल्या, "तो टेबलाला टेकलाय आणि टेबल सरकतंय."

मग म्हणाल्या, "आता एखादी शांत जागा डोळ्यांसमोर आणा, तुम्हाला बरं वाटेल अशी." हिला विचारलं, कुठे आहात? ही म्हणाली, "घरी." मला बरं वाटलं. "कोण कोण आहे?" म्हणाली, "कुणी नाही. हे क्लासला गेलेत." ठीक आहे. माणसानं सगळंच मनाला लावून घ्यायचं नसतं.

आणि मग ते झालं. बाई म्हणाल्या, ही उलटी औषधाची नाही. आधी दोनदा जो त्रास झाला, त्याच्याबरोबर शरीरानं एखादी खूण धरून ठेवलीय, वास, रस्ता, आवाज, काहीतरी. ती खूण आली की शरीराला वाटतं, झालं, आलं पुन्हा, आणि ते आधीच सुरू होतं. मनाचे चोचले नाहीत हे, शरीरच शिकतं. आपण फक्त खूण शोधायची. हिला म्हणाल्या, "डोळे मिटून घरापासून निघा. जिथे पोटात हलेल तिथे बोट वर करा." ही बोलायला लागली. दाराला कुलूप लावलं... बोट खाली. जिने उतरले... खाली. गाडीचं दार उघडलं, बसले... खाली. बेल्ट लावला... खाली. ह्यांनी गियर टाकला... आणि बोट वर. बाई म्हणाल्या, "गियरचा आवाज?" हिनं मान हलवली, नाही. "इंजिनचा?" नाही. मग डोळे मिटलेलेच, म्हणाली, "हे बोलतात." "काय बोलतात?" आणि माझी बायको, तुम्हाला सांगतो, माझी बायको दाताखाली खडा आल्यासारखी म्हणाली, "काही होत नाही." आणि टेबलाजवळची बादली बाईंनी बरोबर वेळेवर धरली.

म्हणजे लिंबू नाही, कोपरा नाही, शाळेची भिंत नाही. मी. केस गेले, चव गेली, तोंडात फोड आणि नवरा. मी तिथे बसलो, काय करणार... म्हटलं, "अगं, मग बोलली का नाहीस इतके दिवस?" तिनं तोंड पुसलं. म्हणाली, "तुमच्याकडे दुसरं काय होतं मला द्यायला? तेवढंच होतं. ते कसं परत करू?"

ह्यावर मी रडलो. आता लपवून काय उपयोग. बाईंनी रुमालाचा खोका माझ्याकडे सरकवला, म्हणजे तो खोका पेशंटसाठी असतो पण सरकवला माझ्याकडे. मी म्हटलं, "बाई, मला दुसरं येत नाही हो. लोक घाबरतात, मी म्हणतो काही होत नाही, आणि त्यांचं काही होत नाही." बाई म्हणाल्या, "पण तिथे तुमच्या पायाखाली ब्रेक असतो, मास्तर." बरोबर बोलल्या. त्या वाक्यात दम होता तो ब्रेकचा. इथे मी नुसतंच म्हणत होतो, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं, कारण माणूस खरं बोलतोय का घाबरून बोलतोय, हे बायकोला न कळायला ती काय शिकाऊ आहे? मी घाबरलो होतो. मी अजून घाबरलेलो आहे. ती गेली तर मी काय करू, हे मला माहीत नाही, एवढंच खरं आहे, आणि ते काय गियर टाकताना बोलायचं?

बाईंनी हिला विचारलं, "मग मास्तरांनी काय म्हटलेलं चालेल तुम्हाला?" ही म्हणाली, "काहीच नाही म्हटलेलं." मी म्हटलं, "मग मी करू काय?" तर दोघी एकदम, "बसा." आणि जरा थांबून ही म्हणाली, "मी चालवते."

मला वाटलं, औषधाचा परिणाम. पण नाही, ही बाईंना समजावून सांगायला लागली, "सुई मला लागते, औषध मला चढतं, निदान तिथपर्यंत नेणारी तरी मी असू दे. ओढून नेल्यासारखं नाही वाटणार." बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. मी मनात म्हणतोय, नाही म्हणा, नाही म्हणा. डॉक्टर म्हणाले, रक्त चांगलं आहे, गुंगीची गोळी इथे आल्यावर घ्यायची, तोपर्यंत चक्कर वगैरे नसेल तर जाताना चालवू द्या, परत येताना अजिबात नाही. आणि म्हणे मास्तर शेजारी असतीलच. असतीलच म्हणे.

तिसऱ्या केमोचा दिवस. कपाटातून लायसन्स निघालं. डोक्याला निळा स्कार्फ, कमान केलेली भुवई, आता भुवई पेन्सिलीची होती, पण कमान तिचीच. मी माझ्या सीटवर. तिनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. म्हणाली, "पाय." मी म्हटलं, "कुठेत? नुसते ठेवलेत." म्हणाली, "वर घ्या." अहो, मी सीटवर मांडी घातली. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, टपावर शिकाऊची पाटी, आणि आत मी मांडी घालून, हात मांड्यांखाली, तोंडाला कुलूप. गल्लीतले लोक उभे राहून बघत होते. नेमके ते दातांचे डॉक्टर समोरून आले, त्यांनी मला हात केला, मला हात काढून हात करता येईना.

निघाली. गियर टाकला आणि कुणी काही बोललं नाही. कोपरा आला, गेला. लांबून शाळेची भिंत दिसली, गेली. मी तिच्या तोंडाकडे बघतोय, आता होईल, आता होईल, आणि ती आरशात बघतेय. समोर बस आली. माझा पाय नुसता सुटू बघतोय, मी दाबून बसलोय त्याच्यावर... आणि तिनं थांबवली. तिनं. बस गेली, तिनं माझ्याकडे न बघता पुन्हा पहिला गियर टाकला, आणि इतका अलगद सोडला क्लच की मला त्या चौकापलीकडच्या स्कूलवाल्याचा पहिल्यांदा आदर वाटला. हॉस्पिटलचं फाटक आलं. ती आत वळली, भिंत आणि ॲम्ब्युलन्स ह्यांच्या मध्ये एवढीशी जागा, पार्किंगवाला म्हणतोय राहू दे ताई, राहू दे ताई, आणि तिनं मागे घेत एका दमात गाडी लावली. हॅण्डब्रेक ओढला. किल्ली काढली. एक थेंब उलटी नाही.

मी घामानं ओलाचिंब. शर्ट पाठीला चिकटलेला, पायाला मुंग्या, तोंड पांढरंफटक पडलं असणार. तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा हसली. आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "काही होत नाही."

आणि माझ्या पोटात जे ढवळलं... दार उघडायला पाय मोकळा नाही, मांडी सुटेना, तिनंच वाकून दार उघडलं, आणि तिचीच उलटीची पिशवी माझ्या तोंडाशी धरली. वरून सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन आल्या. एक बाई निळा स्कार्फ बांधून ताठ उभी, एक माणूस सीटवर मांडी घालून पिशवीत डोकं घालून बसलेला. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?" ही म्हणाली, "आज हे आहेत. त्यांना आधी घ्या." आणि मला त्या खुर्चीत घालून वर नेलं. ती मागून चालत आली, माझी चप्पल हातात घेऊन.

केमो झाली तिसरी. नंतर त्रास झालाच, नाही असं नाही, दोन दिवस उलट्या, जीभ पुठ्ठा, सगळं तेच, बर्फानं फोड तेवढे कमी आले. पण आता जायच्या आधीच होत नाही, आणि जाणार नाही असं ती पुन्हा म्हणालेली नाही. पुढे काय होईल, मला विचारू नका. मी पूर्वी लगेच सांगितलं असतं.

उद्या चौथी. जाताना ती चालवणार, येताना मी. उलटीच्या गोळ्या दोन आणल्यात, गुंगी न येणाऱ्या, निघण्याआधी घ्यायच्या, एक तिला आणि एक मला. पिशवी माझ्या मांडीवर. काल मी आधारवाल्या बाईंना शेवटचं विचारून घेतलं, म्हटलं, "बाई, इतकं सगळं झालं, आता तरी सांगा, मी नक्की करू काय?" तर म्हणाल्या, "तुम्ही काही करू नका, नुसतं बसा."

बसतो. दुसरं काय करतो... पाय तेवढे वर घेऊन.